गाडी कूल तर आपण कूल!

मंडळी, आज आधी एक कन्फेशन. लायसन्स हातात पडलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि गाडीचं बॉनेट स्वतःच्या हाताने पहिल्यांदा उघडलं तेव्हा अठ्ठावीसची. मधली सहा वर्षं मी गाडी फक्त ‘चालवली’. बॉनेटखाली जे काय चालतं तो सर्व्हिस सेंटरवाल्या युनिफॉर्ममधल्या मुलांचा प्रांत, असा माझा साधा सोपा फण्डा होता. आपण ईएमआय भरायचा, एफएम लावायचा, बस!

हा फण्डा कसारा घाटात फुटला. अक्षरशः वाफ होऊन.

गोष्ट एप्रिल २०२५ ची. नाशिकला मामेबहिणीचा साखरपुडा. गाडीत मी, बाबा, आई आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी. शिवाय डिकीत आईने नेलेल्या त्या सगळ्या वस्तू, ज्या नाशिकला मिळत नाहीत असं तिचं ठाम मत आहे. सातला निघायचं ठरलं होतं, म्हणजे अर्थातच साडेनऊला निघालो. पत्री पूल, दुर्गाडी, गांधारी पुलावरून पडघा आणि मग हायवे. आमची गाडी म्हणजे दहा वर्षांची पांढरी हॅचबॅक, नंबर एमएच-०५, सर्व्हिसिंग जानेवारीतच झालेलं, बिलावर सगळ्या रकान्यांत टिका मारलेल्या. टेन्शन कसलं?

शहापूर गेलं, घाट लागला, आणि मागून आजी म्हणाली, “अगं, वारा गरम यायला लागला गं.”

मी ब्लोअर तीनवरून चारवर केला.

आज मागे वळून पाहताना मला सगळ्यात जास्त लाज कसली वाटते, तर त्या चारची. कारण गाडीने पहिला निरोप दिला होता आणि तो आजीला कळला होता. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की बऱ्याच गाड्यांची सिस्टिम आपणहून एसीचा कॉम्प्रेसर बंद करते, इंजिनावरचा भार कमी व्हावा म्हणून. चढावर एसी अचानक गरम हवा फेकायला लागला तर आधी डॅशबोर्ड बघायचा असतो, ब्लोअर वाढवायचा नसतो. पण आमच्या गाडीला टेम्परेचरचा काटाच नाही! बाबांच्या जुन्या गाडीला होता. नव्या लहान गाड्यांमध्ये बऱ्याच वेळा फक्त एक दिवा असतो. इंजिन थंड असताना निळा, जास्त तापलं की लाल. मधल्या सगळ्या अवस्थेत तो गप्प. लाल लागतो तेव्हा गोष्ट हाताबाहेर चाललेली असते.

पाच मिनिटांत लाल लागला. मग एक गोडसर, जळकट वास. मग बॉनेटच्या कडेने वाफ. मी गाडी कडेला घेतली. सुदैवाने तिथे रस्ता जरा रुंद होता आणि एक ट्रक आधीच थांबलेला होता. आजीला उतरवून आईने ट्रकच्या सावलीत बसवलं. बाबा म्हणाले, “झाकण उघड, पाणी घालू.” मी बॉनेट उघडलं, पंचा गुंडाळून रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला...

“ओ ताई! हात काढा! हात काढा आधी!”

ट्रकवाले दादा धावत आले. त्यांनी काही लेक्चर दिलं नाही. शर्टाची बाही वर केली आणि मनगटापासून कोपरापर्यंतची गुळगुळीत, चकाकती कातडी दाखवली. “हे असंच झालं होतं. पाच सेकंदाचं काम.”

मी हात काढला.

त्या झाकणाखाली काय असतं हे मला नंतर कळलं. साध्या पाण्याला १०० अंशांना उकळी येते. त्यात निम्म्याला निम्मं कुलंट मिसळलं की तो आकडा १०७-१०८ वर जातो, आणि झाकण घट्ट बंद असल्यामुळे आत दाब तयार होऊन १२० च्याही पुढे. म्हणजे प्रेशर कुकरच. शिट्टी न काढता कुकरचं झाकण आपण स्वयंपाकघरात कधी उघडत नाही, पण रस्त्यावर, घाबरलेल्या अवस्थेत, आपल्यातले किती तरी जण नेमकं हेच करतात. दाब सुटला की आतलं सगळं एका क्षणात उसळून बाहेर येतं, आणि समोर असतो आपला चेहरा.

पन्नास मिनिटं थांबलो. दादांनी स्वतःच जाड फडकं टाकून झाकण आधी पाव वळण फिरवलं, फुस्सकन आवाज येऊ दिला, मग उघडलं. त्यांच्या कॅनमधलं जवळपास चार लिटर पाणी आत गेलं, तेही हळूहळू, थोडं थोडं. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. रेडिएटरच्या खालच्या नळीचा क्लॅम्प ढिला होता, तो त्यांनी स्क्रूड्रायव्हरने आवळला. “आता एसी बंद, काचा खाली, आणि हीटर फुल. इगतपुरीत दाखवा.”

हीटर. एप्रिलमध्ये. दुपारी बाराला. पण त्यालाही अर्थ आहे बरं का. हीटरमधून गरम कुलंटच फिरतं, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत केबिनमध्ये येते आणि एक छोटा एक्स्ट्रा रेडिएटर मिळतो. फक्त तो आजीच्या पायाशी होता.

क्लॅम्प बदलायला इगतपुरीत दीडशे रुपये लागले, मजुरीसकट. नाशिकला पोहोचल्यावर आजीला चक्कर आली, बीपी खाली गेलं, डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. साखरपुडा खालच्या हॉलमध्ये झाला आणि तिने वरच्या खोलीत पडून इलेक्ट्रॉल प्यायलं. सनईचा आवाज येत होता म्हणाली. ती एका शब्दानेही मला बोलली नाही. त्यानेच जास्त लागलं.

परत आल्यावर रविवारी सकाळी मी आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना गाठलं. हे काका कल्याणच्या लोको शेडमधून रिटायर झालेत. डोंबिवलीत प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी रेल्वेवाले काका असतातच, फक्त आपण त्यांना लोकलच्या टाइमटेबलपलीकडे काही विचारत नाही. सगळी स्टोरी ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल?

“कसारा ते इगतपुरी आमच्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात, माहितेय ना? सदतीस फुटांना एक फूट चढ. तुझ्या गाडीला मागून कोण ढकलणार होतं?”

“काका, मला काय माहीत...”

“गाडी रोज कुठे उभी असते?”

आम्ही खाली गेलो. आमच्या पार्किंगच्या जागेवर, पेव्हर ब्लॉकवर, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला एक हिरवट, चिकट डाग होता. ताटलीएवढा. वॉचमनमामा म्हणाले, “हा तर होळीपासून आहे, ताई.” मला वाटलं होतं एसीचं पाणी. एसीचं पाणी गाडीखाली पडतंच, तो दोष नव्हे. पण ते साधं पाणी असतं, रंग नाही, वास नाही, वाळलं की मागे काही राहत नाही. कुलंट रंगीत असतं, बोटाला चिकट लागतं, वाळलं की डाग ठेवतं. (चाखून बघायचं नाही! ते विषारी असतं, आणि चवीला गोडसर असल्यामुळे सोसायटीतली मांजरं-कुत्री चाटतात. डाग दिसला की धुऊन टाका.)

मग दुसरा गौप्यस्फोट. बाबांनी मार्चपासून दोनदा गुपचूप टाकीत पाणी घातलं होतं. नळाचं. “कमी दिसलं म्हणून घातलं, त्यात काय एवढं?”

यावर काका जे म्हणाले ते फ्रिजवर चिकटवण्यासारखं आहे. “अहो, ही बंद सिस्टिम आहे. ती पाणी पीत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गेलं. घालण्याआधी कुठे गेलं ते विचारायचं.”

तर दोस्तांनो, घाटात जे घडलं ते सगळं आमच्या पार्किंगमध्ये सहा आठवडे लिहिलेलं होतं. वाचणारं कोणी नव्हतं, एवढंच.

आणि आपल्याकडची मंडळी तर यात खास सापडणारी आहेत. बघा ना, ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या नोकरदाराची गाडी काय आयुष्य जगते? सोमवार ते शुक्रवार आपण लोकलला लटकलेलो, गाडी उघड्या पार्किंगमध्ये उन्हात भाजतेय. बॅटरी हळूहळू उतरतेय, टायरमधली हवा हळूहळू कमी होतेय, बॉनेटखाली उंदीर फ्लॅट बघायला येतायत. शनिवारी फार तर मॉलपर्यंत. आणि मग मे महिन्यात एक दिवस तिच्यात पाच माणसं, सहा बॅगा आणि आंब्याची पेटी भरून आपण तिला थेट घाटात नेतो. जिमला वर्षभर न गेलेल्या माणसाला डायरेक्ट मॅरेथॉन! त्यात आपली हवा. मुंबईला समुद्राचा वारा दुपारी लवकर पोहोचतो, आपल्यापर्यंत तो उशिरा आणि दमून येतो, म्हणून कल्याण-डोंबिवलीत मार्च-एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो. काटई नाक्याला किंवा घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलात की समोरून वाराही नाही. रेडिएटर गार करायला एकटा पंखा. तो चालू आहे की नाही हे तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?

काकांची एकच अट होती: सकाळी सातच्या आत, गाडी रात्रभर उभी असताना. “गार गाडी खरं बोलते.” त्या रविवारपासून मी हे दर पंधरवड्याला करते. अर्धा तास लागतो. पहिल्यांदा दीड लागला होता, त्यातला अर्धा तास बॉनेटची कळ शोधण्यात.

कुलंटची टाकी पांढरट प्लास्टिकची असते, बाहेरूनच मिन आणि मॅक्सच्या रेषा दिसतात. गार गाडीत पातळी दोन्हींच्या मध्ये हवी. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचंच कुलंट घालायचं. हिरव्यात लाल, लालमध्ये निळं असले कॉकटेल नकोत. काही कुलंट तयार मिसळलेलं येतं, काहींत पाणी मिसळावं लागतं, डब्यावर लिहिलेलं असतं. मिसळायचं तर डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या, आणि त्याहून बोअरिंगच्या पाण्यातले क्षार आत जमून बसतात. तुमच्या बाथरूमच्या शॉवरचं जे होतं तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं होतं. रस्त्यावर अडचणीत साधं पाणी चालतं, पण परत आल्यावर ते काढून सिस्टिम धुऊन पुन्हा कुलंट भरून घ्यायचं. रबरी नळ्या हाताने दाबून बघायच्या: भेगा, फुगवटा, जोडापाशी वाळलेला पांढरा-हिरवा थर. हा थर म्हणजे पुढच्या महिन्यातला तुमचा कसारा घाट.

मग इंजिन सुरू करायचं, एसी लावायचा आणि बॉनेटसमोर उभं राहून ऐकायचं. मिनिटभरात पंखा घरघरला पाहिजे. फक्त ऐकायचं! ओढणी, केस, आयडीकार्डची दोरी, सगळं लांब. पंखा इलेक्ट्रिक असतो, अचानक सुरू होतो.

आता टायर. इथे आमच्या घरात महाभारत झालं.

बाबांची गेल्या तीस वर्षांची श्रद्धा अशी, की उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून मार्च लागला की टायरमध्ये चार-पाच पॉइंट हवा कमी ठेवायची, म्हणजे टायर फुटत नाही. तुमच्याही घरी कोणी तरी हे म्हणत असेल. पेट्रोल पंपावरचा हवा भरणारा मुलगाही म्हणतो. ऐकायला लॉजिकल वाटतं. आणि हेच टायर फोडतं!

का ते ऐका. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सरळ होते. तार वाकवून-वाकवून तोडताना ती कशी गरम होते? तसंच. टायर बाहेरच्या उन्हापेक्षा आतल्या या दबण्याने जास्त तापतो, आणि तासन्‌तास वेगात तापत राहिला की एका क्षणी भिंत जाते. गाडी बनवणाऱ्यांनी हवा गरम झाल्यावर वाढणार हे धरूनच आकडा दिलेला असतो. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकरवर छापलेला असतो, आणि तो गार टायरचा असतो. बऱ्याच गाड्यांवर फुल लोडचा आकडा वेगळा, दोन-तीन पॉइंट जास्त. पाच माणसं आणि आंब्याची पेटी असेल तर तो बघायचा.

बाबांना थिअरी पटेना. मग आम्ही प्रयोग केला. मी हवेचं छोटं डिजिटल मीटर मागवलं. सकाळी पावणेसातला चारही टायर स्टिकरप्रमाणे ३३ वर. मग शीळ रोडने ठाण्याला जाऊन परत. आल्या आल्या मोजलं: ३६, ३७, ३७, ३६. बाबा विजयी मुद्रेने म्हणाले, “बघ, फुगली!” मी म्हटलं, “हो, फुगली. आता हात लावू नका.” संध्याकाळी गाडी गार झाल्यावर पुन्हा ३४-३३. दर दहा अंशांना साधारण दीड-दोन पॉइंटचा हा खेळ असतो. गरम टायरमधून हवा काढली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही २९ वर असतो आणि आम्हाला पत्ताही नसता. नायट्रोजन भरलं की या सगळ्यातून सुटका, असं समजू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरा, हरकत नाही, पण मोजणं चुकत नाही.

हा नुसता आमच्या घरचा वाद नाही बरं. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि टायर फुटून होणारे अपघात वाढल्यावर २०२३ मध्ये आरटीओच्या लोकांनी प्रवेशावरच टायर तपासायला सुरुवात केली. घासलेले टायर असतील तर गाडीला प्रवेश नाही. त्यावर तेव्हा किती जोक्स झाले! पण विचार करा, आपल्या शहरातल्या खड्ड्यांत टायर कधी सलग दहा मिनिटंसुद्धा वेगात फिरत नाही. त्याची दुखणी दबून राहतात. तोच टायर १२० च्या मर्यादेला, उन्हात, दोन-दोन तास न थांबता पळवला की तो सगळा हिशोब एकदम मागतो. आणि आता हा रस्ता आपल्या दारात आलाय. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. आमणे म्हणजे भिवंडीजवळ. कल्याणहून निघालात तर चहा गार व्हायच्या आत तुम्ही समृद्धीवर. कसारा घाट आता टाळता येतो, इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सुर्रकन बाहेर. ट्रॅफिकला टाटा, पण टायरची परीक्षा मात्र तिथेच.

टायर घासलाय का हे कळायला आरटीओच कशाला? टायरच्या खाचांमध्ये मध्येमध्ये रबराचा छोटा उंचवटा असतो. टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत बघा. खाचांचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आलं, की खोली १.६ मिलिमीटर उरली. टायर गोटा झाला, बदला. आणि गोटा झाला नाही म्हणून खूश होऊ नका, वय पण बघा. बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. वीकेण्डला चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. भिंतीवर बारीक भेगा दिसल्या की समजायचं. स्टेपनी हा तर घरातला विसरलेला सदस्य. आमच्या स्टेपनीत ११ पॉइंट हवा निघाली. जॅक होता, पाना नव्हता. पाना कुठे गेला हे आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही.

बॅटरीला लोक थंडीत घाबरतात, पण तिचं आयुष्य खातो तो आपला उन्हाळा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड आली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने साफ करायची. हातात ग्लोव्ह्ज, काढताना आधी काळी वायर, लावताना ती शेवटी. सकाळी स्टार्टर आळसावून फिरायला लागला आणि बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तपासून घ्या, लोणावळ्याच्या पार्किंगमध्ये शोध लागण्यापेक्षा बरं.

ब्रेक ऑइलची टाकी पण बघा. पातळी खाली आली तर भरून मोकळे होऊ नका, दाखवा. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलसर तेलाला घाट उतरताना उकळी लवकर फुटते. मग पॅडल नुसतं खाली जातं. दोन वर्षांनी बदलतात, आणि उतारावर खालचा गिअर ठेवतात. इंजिन ऑइल, वायपरचं रबर, काच धुवायचं पाणी ही कामं डोळ्यांनी होतात, मिनिटभराची.

एसी कमी गार करत असेल तर गॅस भरायला धावण्याआधी केबिन फिल्टर काढा. आमच्या गाडीत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे निघाला, आणि त्याचा रंग बघून मला आमचं एमआयडीसी आठवलं. ज्या शहरात २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तिथला फिल्टर पांढरा कसा राहील?

आणि उंदीर. वायर कुरतडणाऱ्या उंदरांवर प्रत्येक सोसायटीचा आपापला आयुर्वेद आहे: तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, मिरीची पूड. आमच्याकडे तंबाखू ठेवली, उंदीर गेले की व्यसनी झाले ठाऊक नाही. माझा अनुभव एवढाच की पंधरवड्याला बॉनेट उघडणाऱ्याला घरटं निदान बांधून पूर्ण व्हायच्या आत दिसतं.

सीएनजीवाल्यांनो, तुमच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी असते, प्लेटवरची तारीख बघा. बाकी त्याला घरी हात लावू नका. ईव्हीवाल्यांनो, हसू नका. टायर तुम्हालाही चार आहेत, आणि बहुतेकांच्या गाडीत कुलंटही आहे.

एक गोष्ट मात्र चेक करून संपत नाही. गाडी लॉक करा, सोसायटीत, गेटच्या आत, पाच मिनिटांसाठीसुद्धा. जून २०२३ मध्ये नागपुरात खेळता खेळता बंद गाडीत अडकलेली तीन लहान मुलं त्यातच गेली. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांतच दहा-एक अंशांनी चढतं. आमच्या पार्किंगमध्ये सुट्टीत लपाछपी चालते. मी आता दार ओढून बघते, आणि शेजारच्या गाडीचंही.

बाबांचं म्हणाल तर त्यांनी हार मानलेली नाही. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” हे चालूच आहे. पण मागच्या रविवारी सकाळी साडेसहाला खालून काहीतरी आवाज आला म्हणून गॅलरीतून बघितलं, तर बाबा चड्डी-बनियनवर, गाडीपुढे ओणवे, माझं डिजिटल मीटर घेऊन. मला बघितल्यावर म्हणाले, “वर जा, चहा टाक. मागच्या उजव्यात दोन कमी आहे.”

मेमध्ये पुन्हा नाशिकला जायचंय, या वेळी लग्नाला. आजी येणार की नाही हे कोणी तिला विचारायचं धाडस करत नव्हतं. शेवटी मीच विचारलं. ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली,

“हिला पाणी पाजणार ना निघण्याआधी?”

“पाणी नाही गं आजी, कुलंट.”

“तेच ते. आणि मी पुढे बसणार. तुझ्या त्या दिव्याकडे मी बघते.”